खांदेरीची रसद

१६७९च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, दर्या अजून पुरता निवळलेला नसताना, थळच्या किनाऱ्यावरून काही होड्या खांदेरी बेटाकडे निघाल्या. त्यांत दीडशेच्या आसपास माणसं होती, चार लहान तोफा होत्या आणि बांधकामाचं सामान होतं. म्होरक्या मायनाक भंडारी. त्याला हुकूम होता बेटावर उतरून तट उभा करायचा. ज्या दिवसांत कोकणातली होडी अजून किनाऱ्यावर शाकारलेली असते, सुरतेची जहाजं नांगरलेली असतात आणि इंग्रजांची गलबतं मुंबईच्या बंदरात डागडुजीला लागलेली असतात, नेमके ते दिवस शिवाजी महाराजांनी या कामासाठी निवडले होते. नारळी पौर्णिमेनंतर चांगली उघडीप होऊन शत्रूची जहाजं बाहेर पडेपर्यंत पुरुषभर उंचीचा आडोसा उभा राहिला तरी पुष्कळ झालं, असा हिशेब असावा.

खांदेरी म्हणजे मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर, थळच्या समोर पाचेक किलोमीटर आत समुद्रात असलेला खडक. दोन लहान टेकाडं, मधे खोलगट जागा, भोवती खडप. शेती नाही, वस्ती नाही, महसूल नाही. त्या बेटाच्या आणि किनाऱ्याच्या मधे आणखी एक, त्याहून लहान बेट आहे, उंदेरी. १६७९ साली या दोन्ही बेटांवर कोणाचंच ठाणं नव्हतं, आणि तरी मराठे, इंग्रज, सिद्दी आणि पोर्तुगीज असे चौघेही त्यांच्याकडे डोळे लावून होते.

कारण होता जंजिऱ्याचा सिद्दी. जंजिरा किल्ला राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, खांदेरीपासून बराच खाली. पण सिद्दीचं आरमार आता औरंगजेबाच्या पदरी होतं, त्याला सुरतेहून पैसा येत होता, आणि पावसाळ्यात आसरा घ्यायला त्याला मुंबई मिळत होती. सिद्दीची जहाजं माझगावला येऊन नांगरायची, त्याचे लोक शहरात हिंडायचे, भांडणं करायचे, आणि कंपनीचे अधिकारी चरफडत गप्प बसायचे. मोगलांना दुखवलं तर सुरतेची वखार धोक्यात, आणि सिद्दीला आसरा दिला तर शिवाजी राजे नाराज. १६७४ साली हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर राज्याभिषेकाला नजराणा घेऊन आला, तह झाला, राजापूरच्या जुन्या लुटीच्या भरपाईची बोलणी वर्षानुवर्षं चालत राहिली, तरी पावसाळा आला की सिद्दी माझगावात हजर. पाऊस संपला की तिथूनच निघून तो कुलाबा-पेण भागातली गावं जाळायचा, माणसं धरून न्यायचा आणि गुलाम म्हणून विकायचा.

१६७८च्या पावसाळ्यात महाराजांनी दर्यासारंग आणि दौलतखान या आपल्या आरमारी सरदारांना पनवेलकडे पाठवलं. माझगावात नांगरलेलं सिद्दीचं आरमार तिथल्या तिथे जाळायचा बेत होता, तो साधला नाही. मुंबई बंदराच्या दारात आपलं काही नसेल तर सिद्दीच्या हालचालींवर नजर ठेवता येत नाही आणि इंग्रजांनाही भीड वाटत नाही, हे पुरतं उमगलं असेल तर त्या वर्षी. खांदेरीचा विचार मात्र त्याहून जुना होता. १६७२ साली तिथे किल्ला बांधायचा प्रयत्न झाला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघांनीही हरकत घेतल्यावर काम सोडून द्यावं लागलं होतं.

आरमाराची गोष्ट सांगताना आपण जहाजांच्या संख्येवर बोलतो, लढायांवर बोलतो. पण कोकणच्या किनाऱ्यावर वर्षाचे चार महिने जहाज म्हणजे ओझं असतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याला आसरा लागतो, शाकारणी लागते, तळाला तेल-चुना लागतो, खलाशांना घरी किंवा छावणीत ठेवावं लागतं. आणि चार महिने जे आरमार जमिनीवर असतं ते जमिनीवरच्या शत्रूच्या हाताशी असतं. म्हणून महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर जहाजबांधणीला हात घातला, तेव्हापासूनच जहाज आणि किल्ला ही दोन कामं बरोबरीने चालू राहिली. कल्याणच्या खाडीत रुई लैताव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कामावर होता. वसईकरांनी त्याला फितवून परत नेलं, पण तोवर काम मार्गी लागलं होतं. विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग आदिलशाहीकडून घेतलेले. १६६४च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि त्यात शिसं ओतलं. मग राजपुरीसमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग.

पद्मदुर्गाच्या संदर्भातलं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. १६७५च्या जानेवारीतलं, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं. त्या पत्रात लढाईचं फारसं नाही. आरमारासाठी नेमून दिलेली रोकड आणि धान्य सुभेदाराने वेळेवर पोचवलं नाही, एवढाच विषय. पण राग असा, की सिद्दीने तुला काही देऊन फोडलं काय असा सरळ सवाल, आणि ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाही अशी तंबी. माझ्या मते महाराजांच्या आरमारी धोरणाची सगळ्यात मोठी साक्ष या रागात आहे. समुद्रातल्या किल्ल्यावर एक तोफ कमी असली तर तो टिकतो. तिथे महिनाभर तांदूळ पोचला नाही तर तो टिकत नाही, आणि तांदूळ पोचवणारा माणूस किल्ल्यावर नसतो, तो मागे कुठेतरी कचेरीत बसलेला असतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. महाराज गेल्यानंतर पस्तीसेक वर्षांनी लिहिलेलं, पण अमात्य त्यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यात दोन गोष्टी आहेत ज्या मला नेहमी थांबवतात. एक, आरमाराचा पगार समुद्रावर मिळणाऱ्या लुटीवर सोडू नये, त्याला मुलखाचा नेमका महसूल तोडून द्यावा, नाहीतर व्यापारी बुडतील आणि बंदरंही. दुसरी, जहाजांना लाकूड हवं म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडं बळजबरीने तोडू नयेत. समुद्रातल्या लढाईचा विचार कोकणातल्या परसातल्या फणसापर्यंत जाऊन पोचलेला.

तर मायनाक भंडारी बेटावर उतरला. इंग्रजांना कळायला वेळ लागला नाही. खांदेरी हा मुंबई बेटाचाच भाग आहे, पोर्तुगालच्या राजाने जे दिलं त्यात हे आलं, असं त्यांचं म्हणणं. पोर्तुगीज म्हणत, आमचं. सिद्दी म्हणे, किनारा आमच्याकडे होता तेव्हा आमचंच. मायनाकाने या तिघांच्याही कागदांची फिकीर केली नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला एन्साइन ह्यूज नावाचा अधिकारी शिबाडं घेऊन आला आणि बेट सोडा म्हणाला. मायनाकाचं उत्तर ठरलेलं होतं, धन्याच्या हुकुमाशिवाय सोडणार नाही. हवा बिघडली, ह्यूज माघारी गेला. तट आणखी दोन हात चढला.

मग लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प आला. वेढा घाला, रसद तोडा, पण लढाई आपल्याकडून सुरू करू नका, असा त्याला साधारण हुकूम. हा हुकूमच अर्धवट होता. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या जागेला वेढा घालायचा आणि बंदूक उडवायची नाही, तर मग फक्त पाहत बसायचं. १९ सप्टेंबरला थॉर्पने आपलं शिबाड थेट बेटाला नेऊन भिडवलं. तो दारूच्या अंमलाखाली होता, असं इंग्रजांच्याच कागदांत आहे. तटावरून गोळीबार झाला, थॉर्प आणि त्याचे काही साथीदार तिथेच मेले आणि शिबाड मराठ्यांच्या हाती लागलं. (या सगळ्या तारखा इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या कालगणनेच्या. आजच्या हिशेबाने दहा दिवस पुढे धराव्यात. कंपनीचे कागद हेच मुख्य साधन असल्याने बहुतेक इतिहासकार तशाच वापरतात.)

आता प्रकरण इरेला पेटलं. मुंबईच्या सैन्याचा प्रमुख कॅप्टन रिचर्ड केग्विन याला पाठवण्यात आलं. त्याच्याकडे कॅप्टन मिंचिनची ‘रिव्हेंज’ ही फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडं आणि दोन मचवे असा आठ जहाजांचा ताफा होता. केग्विन कसलेला माणूस. पुढे चार वर्षांनी त्याने मुंबईतच कंपनीविरुद्ध बंड करून जवळजवळ वर्षभर शहरावर राज्य केलं आणि त्या काळात संभाजी महाराजांशी तहही केला. पण १६७९ साली तो कंपनीचा नोकर होता आणि त्याच्यासमोर नागावच्या खाडीत दौलतखानाचं आरमार जमत होतं.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे ते आरमार बाहेर पडलं. गुराबा आणि गलबतं मिळून पन्नासच्या आसपास. इंग्रज नांगरावर होते. त्यांचे नांगर उचलले जायच्या आत मराठी जहाजं अंगावर आली. जहाजबांधणीतला फरक इथे दिसतो. गलबत उथळ, हलकं, वल्ह्यांवर चालणारं, त्याला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. पहाटेच्या पडलेल्या वाऱ्यात ‘रिव्हेंज’ जागच्या जागी डुलत होती आणि गलबतं चारी बाजूंनी चालून येत होती. अर्ध्या तासात ‘डव्ह’ नावाची इंग्रजांची गुराब पकडली गेली, निशाण उतरलं, माणसं कैद झाली. त्यांना अलिबागच्या मागच्या डोंगरातल्या सागरगडावर नेऊन ठेवलं. बाकीची लहान जहाजं पांगली. लढत राहिली फक्त ‘रिव्हेंज’. केग्विन आणि मिंचिन दोघेही तिच्यावर होते. फ्रिगेटच्या जड तोफांनी मराठ्यांची काही गलबतं बुडवली आणि अखेर दौलतखान खाडीकडे मागे वळला. मोठं जहाज उथळ खाडीत त्याचा पाठलाग करू शकत नव्हतं.

कोणी जिंकलं? इंग्रजी इतिहासात हा केग्विनचा पराक्रम आहे, मराठी इतिहासात दौलतखानाचा. दोघांनाही थोडं थोडं द्यायला हरकत नाही. पण त्या दिवशी खांदेरीचं भवितव्य ठरलं नाही. लढाई चालू असताना, आणि त्यानंतरही, बेटावर तट चढतच होता. ज्यांना खांदेरीची लढाई फक्त त्या पहाटेपुरती माहीत आहे त्यांच्या हातून गोष्टीचा मोठा भाग निसटतो. तो त्यानंतरच्या रात्रींत घडला.

केग्विनचा ताफा खांदेरीभोवती ठाण मांडून होता. दिवसा बेटाकडे जाणारी होडी दिसली की तिचा पाठलाग. पण रात्री थळहून, नागावहून लहान होड्या सुटत. तांदूळ, पाणी, चुना, दारूगोळा, जखमींच्या जागी ताजे लोक. होड्या इतक्या लहान आणि बुटक्या की काळोखात पाण्यावर दिसतच नसत. पाऊस संपल्यावर किनाऱ्यावर रात्री मतलई वारा सुटतो, जमिनीकडून दर्याकडे. त्याच्यावर थळहून खांदेरीला जायला फारसं वल्हवावंही लागत नाही. मोठ्या जहाजाला मात्र खडपाच्या जवळ काळोखात फिरायची हिंमत नाही. पहाटेपर्यंत होड्या परत किनाऱ्याला. ही वाट ज्यांच्या पायाखालची होती ते थळ-नवगावचे कोळी आणि भंडारी. त्यांना कुठला खडक कितव्या घटकेला पाण्याखाली जातो ते ठाऊक. त्यांची नावं कुठल्याही कागदात आलेली नाहीत. कंपनीच्या पत्रांत त्यांच्याबद्दल आहे ती फक्त तक्रार, की या होड्या आमच्यापेक्षा चांगल्या चालतात आणि त्यांना अडवणं आमच्या जहाजांच्या हातचं नाही.

याच सुमारास मुंबईच्या वरिष्ठांची, म्हणजे सुरतेच्या कौन्सिलची, पत्रं येऊ लागली. खर्च किती झाला, माणसं किती मेली, व्यापार किती बुडाला. कंपनीला हे युद्ध मुळातच नको होतं. त्यातून मुंबईची अडचण अशी, की ज्या किनाऱ्याशी लढायचं त्याच किनाऱ्यावरून शहराला सरपण आणि धान्य येत होतं. महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे फौज पाठवली. ठाण्याच्या बाजूने मुंबईवर उतरायचा तिचा रोख होता. पोर्तुगीजांनी वाट द्यायला नकार दिला म्हणून ते टळलं. पण भीती बसायची ती बसली. खांदेरी मुंबईच्या जहाजांच्या वेढ्यात होती हे खरं, पण जमिनीकडून पाहिलं तर मुंबईही एका मोठ्या वेढ्यात होती.

नोव्हेंबरात सिद्दी कासम मोगलांचं आरमार घेऊन सुरतेहून आला आणि त्याने खांदेरीवर तोफा डागायला सुरुवात केली. इंग्रजांना हायसं वाटायला हवं होतं. उलट ते अधिकच धास्तावले. सिद्दीने बेट घेतलं तर तो ते आपल्याला देणार नाही, स्वतःच ठेवील, आणि मग मुंबईच्या दारात मराठ्यांऐवजी मोगल बसतील, हे त्यांना कळत होतं. खांदेरी घ्यायला आलेले दोघे मित्र एकमेकांना खांदेरी मिळू नये म्हणून जपू लागले. मायनाक भंडाऱ्याला याहून चांगली मदत महाराजही पाठवू शकले नसते.

सिद्दी कासम मात्र चौघांत सर्वांत हुशार निघाला, असं मला वाटतं. महिनाभर तोफा डागून खांदेरी पडत नाही हे पाहिल्यावर १६८०च्या जानेवारीत त्याने मुकाट्याने उंदेरीवर माणसं उतरवली आणि तिथे तट घालायला घेतला. उंदेरी खांदेरीहून लहान, पण किनाऱ्याच्या जवळ. म्हणजे थळहून खांदेरीला जाणाऱ्या रात्रीच्या होड्यांच्या बरोब्बर वाटेवर. खांदेरी तोफांवर जगत नाही, होड्यांवर जगते, हे इंग्रजांना कळून उपाय सुचत नव्हता. कासमाने ते ओळखून दगड रचले. दौलतखानाने जानेवारीच्या अखेरीस उंदेरीवर हल्ला चढवला, पण तो स्वतः जखमी झाला आणि आरमाराला मागे यावं लागलं. उंदेरी त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षं मराठ्यांना मिळाली नाही. दोन बेटं एकमेकांच्या तोफेच्या टप्प्यात, एकावर भगवा आणि दुसऱ्यावर सिद्दीचं निशाण, असे दोन-तीन पिढ्या माणसांनी दिवस काढले.

इंग्रजांनी जानेवारीतच ताफा परत बोलावला. मार्चमध्ये तह झाला, खांदेरी महाराजांकडे राहिली. त्याच मार्चमध्ये अलिबागसमोरच्या खडकावर कुलाबा किल्ला बांधायचा हुकूम निघाला. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचं निधन झालं. कुलाबा संभाजी महाराजांनी पुरा केला. त्याचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. सांधे मोकळे असल्याने लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि जोर मोडतो, अशी ती योजना. कुलाब्याला ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला जाता येत नाही. पूर्ण समुद्रात आणि पूर्ण जमिनीवर असण्याच्या मधली ही जागा पुढे आंग्र्यांच्या राजधानीला फार मानवली.

कान्होजी आंग्र्यांचा काळ लोकांना बराच ठाऊक आहे, म्हणून मी त्यात रेंगाळत नाही. सरखेल झाल्यावर त्यांनी कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे सगळे किल्ले एका हाताने चालवले. प्रत्येकाच्या मागे खाडी, खाडीत गोदी, गोदीच्या मागे मुलूख. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिऱ्याला खडकात कोरलेली गोदी अजून आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरड्यावर बसवून दुरुस्त करायचं. इंग्रजांनी १७१७ साली विजयदुर्गावर हल्ला केला, १७१८ साली खांदेरीवर, १७२० साली पुन्हा विजयदुर्गावर. तिन्ही फसले. १७२४ साली डच सात जहाजं घेऊन विजयदुर्गावर आले, तेही परतले.

१७१८च्या खांदेरीचं एक उपकथानक मात्र सांगण्यासारखं आहे, कारण ते मुंबईत घडलं. गव्हर्नर चार्ल्स बून याला आपल्या अपयशाचं कारण हवं होतं. रामा कामती नावाचा मुंबईतला बडा, कंपनीच्या मर्जीतला सारस्वत व्यापारी होता. तो आंग्र्यांना आतल्या बातम्या पोचवतो, असा आरोप ठेवून १७२० साली त्याच्यावर खटला भरला. साक्षीदाराच्या अंगठ्यांना लोखंडी पेच आवळून कबुली घेतली. पत्रं हजर केली, ती बनावट असल्याचं पुढे उघड झालं. रामा कामतीची मालमत्ता गेली आणि तो कैदेतच मेला. बेटावर उतरता येत नाही याचं कारण फितुरी असलं पाहिजे, असं मुंबईच्या किल्ल्यात बसलेल्या माणसाला वाटणं साहजिक होतं. थळच्या किनाऱ्याकडे बघायला त्याला फुरसत नव्हती.

१७२१च्या डिसेंबरात मात्र इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर जमिनीकडून चालून आले. मागच्या चुकांवरून शिकून त्यांनी समुद्र सोडून किनारा धरला होता, आणि खरोखरच तो बरोबर विचार होता. कमोडोर मॅथ्यूज इंग्रज आरमाराचा प्रमुख, गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः हजर. एवढी मोठी फौज कुलाब्यावर याआधी आली नव्हती. पण शाहू महाराजांच्या हुकमाने पिलाजी जाधवांचे घोडेस्वार आणि बाजीराव पेशवे घाट उतरून आले. चढाई मोडली, पोर्तुगीजांनी १७२२च्या जानेवारीत पेशव्यांशी वेगळा तह करून टाकला आणि इंग्रज एकटे पडून मुंबईला गेले. कुलाबा वाचला तो त्याच्या तटामुळे आणि तितकाच देशावरून आलेल्या घोड्यांमुळे. आरमारी किल्ल्याला घोडदळाने वाचवावं, हे कान्होजींनी १७१४ साली बाळाजी विश्वनाथांशी केलेल्या तहाचं फळ होतं. वरवर पाहता त्या तहात त्यांनी स्वातंत्र्य थोडं कमी केलं होतं, पण त्याच्या बदल्यात पाठीमागचा सह्याद्री मिळवला होता.

४ जुलै १७२९ला कान्होजी गेले. सेखोजी होते तोवर ठीक चाललं, ते १७३३ साली वारले. मग भाऊबंदकी. कुलाबा मानाजीकडे, विजयदुर्ग संभाजी आंग्र्यांकडे आणि नंतर तुळाजीकडे. तुळाजी आंग्रे शूर होते, समुद्रावर त्यांचा धाक कान्होजींइतकाच होता, इंग्रजांचं ‘रेस्टोरेशन’ नावाचं जहाज त्यांनी धरून आणलं होतं. पण त्यांनी पुण्याशी वैर धरलं, कोकणातल्या शेजारच्या सगळ्या सरदारांशीही धरलं. पेशव्यांचीही चूक मोठीच. आपल्याच राज्याचं आरमार मोडायला त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी १७५५ साली करार केला. नानासाहेब पेशव्यांना त्यातून काय साधायचं होतं हे समजतं, आणि त्यांना काय गमवावं लागेल हे दिसलं नाही हेही समजतं. पण ते पचत नाही.

१७५५च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. तो किल्ला १७१७, १७२० आणि १७२४ या तिन्ही साली समुद्राकडून पडला नव्हता. या वेळी फरक एकच होता. जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज होती, आणि ती किल्ल्याच्या मदतीला आलेली नव्हती. वाघोटणच्या खाडीतून येणारी रसद, गावांतून येणारी माणसं, घाटावरून येऊ शकणारे घोडेस्वार, सगळं तुटलं होतं. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले आणि तिथेच अडकले. १२ फेब्रुवारीला वॉटसनने तोफा सुरू केल्या. एक गोळा खाडीत नांगरलेल्या ‘रेस्टोरेशन’वर पडला, आग लागली आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या आंग्र्यांच्या सगळ्या गुराबा आणि गलबतं जळून गेली. आंग्र्यांनी धरून आणलेल्या इंग्रजी जहाजावरून ती आग पसरली, हे नशिबाचं फिरणं म्हणावं तर म्हणा. क्लाइव्हने रात्री आपली माणसं किल्ला आणि पेशव्यांची छावणी यांच्या मधे उतरवून घातली, म्हणजे मित्रांना आधी आत शिरता येऊ नये. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत सापडलेला सुमारे दहा लाखांचा ऐवज इंग्रजांनी आपसात वाटून घेतला, पेशव्यांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही.

किल्ला पेशव्यांना द्यायचा असं करारात होतं. इंग्रजांनी तो आठ महिने सोडला नाही. शेवटी ऑक्टोबरमध्ये बाणकोट आणि काही गावं पदरात पाडून घेऊन त्यांनी रिकामा विजयदुर्ग परत केला. तुळाजी आंग्रे उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत होते.

पेशव्यांनी नंतर आरमार पुन्हा उभं केलं. १७५९ साली त्याने उंदेरी सिद्दीकडून घेतली. दौलतखान जिथे जखमी होऊन परतला होता, ते बेट एकोणऐंशी वर्षांनी मराठ्यांकडे आलं, आणि थळहून खांदेरीला जाणारी वाट पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी मोकळी झाली. त्या वेळी मुंबई बंदरात इंग्रजांची जी जहाजं होती त्यांना अडवण्याएवढी ताकद मात्र या किनाऱ्यावर कोणाकडेच उरली नव्हती.